झिजलेले दात आणि डिजिटल उपचार : आधी चावा ठरवा, मग दाताला हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४, राहणार नागपूर. वरचे पुढचे दात झिजून निम्मे उरले आहेत, दाढांचे माथे सपाट झालेत, गार पाणी लागलं की दात शिवशिवतात. पंचवीस वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाल्ला, अधूनमधून घशाशी आंबट येतं, आणि रात्री दात खाता असं घरचे सांगतात. एका ठिकाणी सगळ्या २८ दातांची आरसीटी (रूट कॅनल, म्हणजे दातातली नस काढण्याचा उपचार) करून झिर्कोनियाच्या (एक कठीण सिरॅमिक) कॅप बसवायला सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर आणि मशीनवर आठवड्याभरात सगळं तोंड नवं करून देतो म्हणाले. यातलं कोणतं निवडावं?

आत्ता दोन्हींना थांबवा. सरसकट आरसीटीला तर नक्कीच. दात वर्षानुवर्षं हळूहळू झिजतो तेव्हा आतली नस स्वतःभोवती नवं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) रचत मागे सरकते. त्यामुळे दात आखूड दिसला तरी नस बहुतेकदा जिवंत आणि सुरक्षित असते. प्रत्येक दाताची थंडाची चाचणी आणि एक्स-रे बघून ज्याची नस मेली आहे किंवा उघडी पडली आहे त्याचीच आरसीटी करायची. २८ पैकी असे दात बहुतेक वेळा मोजकेच निघतात.

डिजिटल पद्धत (स्कॅनरने माप, संगणकात आकार, मशीनवर दात) मात्र तुमच्यासारख्या तोंडासाठी खरोखर उपयोगाची आहे, पण आठवड्यात काम उरकतं म्हणून नाही. अंतिम दात कसे असतील, किती उंच असतील, जबडा त्यांच्यावर कसा मिटेल (म्हणजेच चावा) हे सगळं एकही दात न कापता आधी घडवता येतं, तोंडात बसवून वापरता येतं, आणि पसंत पडलं तर जसंच्या तसं पक्क्या सिरॅमिकमध्ये उतरवता येतं. तंत्र तसं जुनं आहे. स्कॅनरने माप घेऊन खुर्चीजवळच कोरलेलं पहिलं सिरॅमिक भरण झुरिकमध्ये १९८५ साली बसवलं गेलं. झिजलेल्या तोंडासाठी त्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तुमच्या उरलेल्या दाताची बचत. नेहमीच्या पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला साधारण ६० ते ७० टक्के भाग कापला जातो. जो दात आधीच निम्मा गेला आहे त्याच्याकडून एवढं मागायचं हे मला कधीच पटलेलं नाही.

झीज कशाने झाली, हे आधी

दातावर दात घासून झालेली झीज चकचकीत आणि सपाट असते, आणि वरचा-खालचा सपाट भाग एकमेकांवर नेमका बसतो. आम्लाने झालेली झीज वेगळी दिसते. दाढेच्या माथ्यावर वाटीसारखे खळगे पडतात, जुनं सिमेंट किंवा चांदी भरलेली असेल तर ती बेटासारखी वर उरते, आणि पोटातलं आम्ल वर येत असेल तर वरच्या पटाशीच्या दातांची टाळूकडची बाजू सगळ्यात आधी पातळ होते. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, साधारण ५.५ च्या खालच्या पीएचला (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) विरघळू लागतं, आणि जठरातलं आम्ल १ ते २ पीएचचं असतं. तुम्ही सांगता त्यावरून तुमच्याकडे तिन्ही कारणं एकत्र आहेत : सुपारी, पित्त आणि रात्रीचं दात खाणं. आम्लाने मऊ झालेल्या इनॅमलवर सुपारी घासली की झीज कितीतरी वेगाने होते.

म्हणून पोटाच्या डॉक्टरांना दाखवणं हे उपचाराचं पहिलं पाऊल आहे. घोरणं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण या दोन्हींचा दात खाण्याशी संबंध असतो. संत्र्याला दोष देऊ नका. जेवणानंतर दोन संत्री खाल्ल्याने दात झिजत नाहीत. रस किंवा कोल्ड्रिंकची बाटली तासभर घोट-घोट पीत बसल्याने झिजतात. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरा.

आणि खर्रा. याचा परिणाम दातांपुरता राहत नाही. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाच्या आत तंतू धरतात आणि तोंड कमी उघडू लागतं. दातांचं काम सुरू करण्याआधी गाल, जीभ आणि जिभेखालचा भाग नीट तपासून घ्यायला हवा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण दिसला तर दातांचं सगळं बाजूला ठेवून आधी मेडिकल चौकातलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुखरोगाचे तज्ज्ञ गाठा.

तोंड किती उघडतं याच्या मापात झिजलेल्या दातांमुळे एक फसगत होते. माप वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांमधलं घेतात. कडा ३-३ मिलिमीटर झिजल्या असतील तर ३५ चं माप प्रत्यक्षात २९ चं असतं. उपचारात दात पुन्हा लांब केले की तोंडाची फट तेवढी कमी होणार, आणि मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणार नाही. स्कॅनरचं टोक मापाच्या ट्रेपेक्षा लहान असल्याने कमी उघडणाऱ्या तोंडात माप घेणं सोपं जातं हे खरं. पण माप घेता आलं म्हणजे मागच्या दाढेवर काम करता येईल असं नाही. अशा तोंडात मागून पुढे यायचं, म्हणजे दाढा आधी पूर्ण करायच्या आणि पुढचे दात शेवटी लांब करायचे.

जागा आहे का?

दात झिजले म्हणजे चेहऱ्याची उंची कमी झालीच असं नाही. झीज सावकाश झाली तर दात हाडासकट हळूहळू वर येत राहतात. दात आखूड, पण जबडे मिटल्यावर अंतर पूर्वीइतकंच, आणि नवा दात बसवायला जागाच नाही, असं होतं. टर्नर आणि मिसिर्लियन या दंततज्ज्ञांनी १९८४ मध्ये केलेले तीन गट आजही याच निकषावर चालतात : उंची गेलेले, उंची न गेलेले पण जागा असलेले, आणि उंची न गेलेले व जागाही नसलेले. तिसरा गट सगळ्यात अवघड. तिथे चाव्याची उंची थोडी वाढवणं, हिरडी व हाड कमी करून दात उघडा करणं, किंवा तारा लावून दात सरकवणं यापैकी काहीतरी करावंच लागतं.

पुढच्या दातांपाशी मोजून ५ मिलिमीटरपर्यंतची वाढ बहुतेकांचा जबडा सहज स्वीकारतो. हिशेब मात्र असा की जबडा बिजागरीसारखा उघडतो. पुढे ३ मिलिमीटर उघडलं तर सगळ्यात मागच्या दाढेपाशी साधारण १ मिलिमीटरच मिळतं. तो एक मिलिमीटर वरच्या आणि खालच्या दाढेत वाटला तर दोघींच्या वाट्याला अर्धा-अर्धा येतो, आणि अर्ध्या मिलिमीटरचं सिरॅमिक दात खाणाऱ्याच्या तोंडात टिकत नाही. म्हणून मागच्या दाढांत वरची उभारायची की खालची हे आधीच ठरवायचं. जिचा माथा जास्त झिजलाय तिला जागा द्यायची. एवढा हिशेब नीट केला तर दाढेच्या माथ्यावरून काहीही कापावं लागत नाही. फक्त कडा गुळगुळीत करून वर चिकटवायचं.

स्कॅन आणि चावा : चूक इथेच होते

दातांचा स्कॅन पाच-सात मिनिटांचा. आधी माथे, मग जिभेकडची बाजू, मग गालाकडची, असा मार्ग न तोडता जायचं. मध्येच उडी मारली की सॉफ्टवेअर चित्रं चुकीची जोडतं. पूर्ण कमानीत ही चूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे साचत जाते. झिजलेल्या सपाट दातांत ती जास्त, कारण ओळखायला उंचवटे कमी असतात. लाळ ही दुसरी शत्रू : ओल्या दातावर चमक येते आणि तिथे नसलेला उंचवटा तयार होतो. हवेने दात वाळवायचा, खुर्चीवरचा प्रखर दिवा बाजूला करायचा, आणि स्कॅनर ठरल्या वेळी कॅलिब्रेट केलेला हवा. नागपूरच्या मे महिन्यात जुन्या अल्जिनेटच्या (तोंडात घट्ट होणाऱ्या पेस्टच्या) मापापेक्षा स्कॅन कधीही बरा. ते माप वाळून आकसायला फार वेळ घेत नाही, आणि लॅब पुण्या-मुंबईची असेल तर विचारायलाच नको. फाइल तशीच्या तशी पोचते.

खरी गोम चाव्याच्या नोंदीत आहे. झिजलेल्या तोंडाचा जबडा वर्षानुवर्षं कुठेतरी पुढे किंवा बाजूला सरकून मिटायला शिकलेला असतो. ‘चावा’ म्हटलं की माणूस त्या सवयीच्या जागी चावतो, स्कॅनर ती इमानदारीने टिपतो, आणि सगळं नवं तोंड चुकीच्या जागेवर उभं राहतं. म्हणून आधी स्नायूंची सवय मोडायची. पुढच्या दातांमध्ये लीफ गेजच्या पातळ पट्ट्या किंवा छोटा डिप्रोग्रामर (पुढच्या दातांवर बसणारा ठोकळा) ठेवतात, दाढा एकमेकींना लागत नाहीत, आणि थोड्या वेळात जबडा सांध्याच्या स्थिर जागी बसतो. स्नायू दुखत असतील तर काही आठवडे स्प्लिंट (दातांवर बसणारं प्लास्टिकचं आवरण) वापरून मगच नोंद घ्यायची.

दुसरी गोष्ट : ही नोंद वाढवलेल्या उंचीवरच घ्यायची. चावा मिटलेल्या अवस्थेत स्कॅन करून ‘सॉफ्टवेअरमध्ये ४ मिलिमीटर उघडू’ असं करणं सोपं वाटतं, पण संगणकातला आर्टिक्युलेटर (जबड्याच्या हालचालीची प्रतिकृती) सरासरी जबड्याच्या मापावर फिरतो, तुमच्या सांध्यावर नाही. फेसबोची (सांध्यापासून दातांची जागा मोजणारं साधन) किंवा सीबीसीटीची (त्रिमितीय एक्स-रे) माहिती न जोडता त्यात जेवढं जास्त उघडाल तेवढे मागचे दात चुकत जातात. त्यामुळे लीफ गेज तोंडात, हव्या त्या उंचीवर, दोन्ही बाजूंचा चावा स्कॅन. एवढं केलं की संगणकाला अंदाज करावा लागत नाही.

मॉकअप, आणि मग कच्चे दात

लॅबचा टेक्निशियन फोटो, हसण्याची रेषा आणि ही नोंद घेऊन संगणकात नवे दात घडवतो. पटाशीच्या मधल्या दाताची लांबी साधारण १० ते ११ मिलिमीटर, रुंदी लांबीच्या ७५ ते ८० टक्के, इथून सुरुवात होते. या आकाराचं मॉडेल थ्रीडी प्रिंट करून त्यावर सिलिकॉनचा साचा घेतात, साच्यात बिस-ॲक्रिल (तात्पुरत्या दातांचं प्लास्टिक) भरतात आणि तो न कापलेल्या दातांवर दाबतात. पाच मिनिटांत नवं हास्य आरशात दिसतं. हाच मॉकअप. प्रिंट केलेलं मॉडेल अल्कोहोलमध्ये नीट धुतलं नाही तर खाचांत चिकट रेझिन राहतं आणि दात जाड येतात. हे कारण लक्षात न घेता मग मॉकअपलाच दोष दिला जातो.

मॉकअप बघायचा तसा ऐकायचाही असतो. एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजून पाहा. ‘स’ आणि ‘ष्ट’ म्हणताना दात एकमेकांवर आपटत असतील तर उंची जास्त झाली. ‘वावर’, ‘विहीर’ म्हणताना वरच्या दाताची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेवर हलकी टेकली पाहिजे. ओठात रुतत असेल तर दात लांब किंवा पुढे आलेत. हा बदल संगणकात करून फाइल पुन्हा जतन करायची. नाहीतर तोंडातला दात एक आणि लॅबमधला दुसराच, असा गोंधळ होतो.

यानंतर कच्चे दात. पीएमएमएच्या (एक ॲक्रिल प्लास्टिक) ठोकळ्यातून कोरलेले किंवा काँपोझिटचे (दाताच्या रंगाचं रेझिन) कच्चे दात किमान ६ ते ८ आठवडे वापरायचे. जबड्याचा सांधा दुखत असेल तर तीन महिने. या काळात काय तुटतं ते फार बोलकं असतं. एकच सुळा दोनदा तुटला तर जबडा बाजूला सरकताना सगळा भार त्याच्यावर येतोय. एका दाढेचं काम वारंवार निघालं तर तिथे चावा उंच आहे. या चुका कच्च्या दातांत निस्तरायला वीस मिनिटं लागतात. सिरॅमिकमध्ये नवं घडवावं लागतं. आठवड्यात सगळं देणारा हीच पायरी गाळतो, म्हणून मी त्याला नाही म्हणायला सांगतो.

कच्च्याचं पक्कं करताना

सगळे दात एकाच दिवशी कापू देऊ नका. सगळे कापले की ठरवलेली उंची दाखवणारं तोंडात काहीच उरत नाही. सरळ मार्ग असा : जुळून आलेल्या कच्च्या दातांचा वर, खाली आणि चावा असा पूर्ण स्कॅन आधी घ्यायचा. मग फक्त एका बाजूचे कच्चे दात काढून तिथली तयारी करायची आणि स्कॅन घ्यायचा, दुसऱ्या बाजूचे कच्चे दात चाव्याला आधार देत राहतात. टाळू आणि न बदललेले दात जुळवून सॉफ्टवेअर दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसवतं आणि नवा दात जुन्या कच्च्या दाताचीच नक्कल होतो. मग दुसरी बाजू, शेवटी पुढचे दात. दात कापायचाच असेल तर मॉकअपवरूनच, खोली ठरवलेल्या बरने (दात कापायच्या टोकाने) खुणा करून. त्यामुळे जिथे नव्या आकाराला जागा आधीच आहे तिथे दाताला स्पर्शही होत नाही.

साहित्याचं थोडक्यात. लिथियम डायसिलिकेट (काचेच्या जातीचं सिरॅमिक) दाढेवर १ ते १.५ मिलिमीटर जाडीत, खाली इनॅमलची कड असेल तर उत्तम चिकटतं, आणि झिजलेल्या दातांसाठी माझी पहिली पसंती तीच. झिर्कोनिया ताकदीला दुप्पट किंवा त्याहून जास्त, पण आखूड दातावर झिर्कोनियाची कॅप पकडीवर उभी राहते, आणि दाढेची तयार उंची ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पकडच नसते. ती कॅप पुन्हा-पुन्हा निघते. झिर्कोनिया समोरच्या दातांना घासतो अशी भीती असते, पण नीट पॉलिश केलेला घासत नाही. चावा जुळवायला बर फिरवून खरखरीत सोडलेला मात्र नक्की घासतो. काँपोझिट सगळ्यात स्वस्त, प्रिंट केलेल्या साच्यातून एका बैठकीत बसतं. कोपरे तुटतात, खर्ऱ्याने रंग चढतो, पण दुरुस्तीही एका बैठकीत होते. खर्च एकदम पेलत नसेल तर दाढा सिरॅमिकच्या आणि पुढचे दात काँपोझिटचे, हा अगदी शहाणपणाचा मार्ग आहे.

चिकटवण्यात घाई झाली तर आधीचं सगळं वाया जातं. लिथियम डायसिलिकेटला आतून ५ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल २० सेकंद, धुऊन वाळवून सायलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं द्रव्य) ६० सेकंद. झिर्कोनियाला हे आम्ल चालत नाही. त्याला ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ॲल्युमिनाचा कमी दाबाचा फवारा आणि एमडीपी (झिर्कोनियाला धरणारं रसायन) असलेला प्रायमर लागतो. तोंडात बसवून पाहिल्यावर लाळ लागलेला झिर्कोनिया फॉस्फोरिक आम्लाने ‘स्वच्छ’ केला तर फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागावर बसतं आणि प्रायमरला जागा उरत नाही. नुकतंच उघडं झालेलं डेंटिन त्याच दिवशी बाँडने बंद केलं तर मधल्या काळातलं शिवशिवणंही कमी होतं. चंद्रपूर-यवतमाळकडचे काही रुग्ण फ्लोरोसिसचे डाग असलेले दात घेऊन नागपूरला येतात. त्यांचं इनॅमल आम्लाला लवकर दाद देत नाही, म्हणून वरचा थर थोडा खरवडून आम्ल जास्त वेळ ठेवावं लागतं.

चावा तपासताना आधी ४० मायक्रॉनचा रंगीत कागद, मग ८ मायक्रॉनची शिमस्टॉकची पट्टी. मागचे दात एकाच वेळी ती पट्टी धरायला हवेत, पुढच्या दातांमधून ती ओढली की हलकी सरकायला हवी. टी-स्कॅन (चाव्याचा दाब टिपणारं यंत्र) असेल तर कुठे आधी लागतं आणि कुठे जास्त ते कळतं. पण तो प्रमाण दाखवतो, प्रत्यक्ष बळ नाही.

एकूण काळ चार ते सहा महिने धरा. दवाखाना निवडताना चार गोष्टी थेट विचारा. चाव्याची नोंद कशी घेणार? कच्चे दात किती आठवडे देणार? दात टप्प्याटप्प्याने कापणार की एकदम? माझ्या स्कॅनच्या फाइल मला मिळतील का? कृत्रिम दंतशास्त्राचे तज्ज्ञ धंतोली-रामदासपेठेतही आहेत आणि दंत महाविद्यालयांतही. महाविद्यालयांत वेळ जास्त लागतो, पण पायऱ्या सहसा गाळल्या जात नाहीत.

काम संपलं त्याच दिवशी वरचा, खालचा आणि चाव्याचा स्कॅन घेऊन एसटीएल फाइल (दातांचा त्रिमितीय आकार) पेनड्राइव्हवर घ्या. त्याच स्कॅनवरून कडक ॲक्रिलचा नाईट गार्ड (रात्री दातांवर घालायचं आवरण) करून घ्या, दाढांपाशी साधारण २ मिलिमीटर जाड. मऊ रबरी नको, तो चघळण्याची सवय वाढवू शकतो. दरवर्षी नवा स्कॅन जुन्यावर बसवून झीज मोजता येते. पण निरोगी दाढही वर्षाला साधारण ३० मायक्रॉन झिजते, आणि स्कॅनरची स्वतःची चूक त्याहून कमी नसते. त्यामुळे तुलनेच्या रंगीत चित्रात ४०-५० मायक्रॉनचा फरक दिसला तर घाबरू नका. २०० दिसला तर गार्ड रोज लावताय का, पित्त पुन्हा वाढलंय का आणि खर्रा खरंच सुटलाय का, हे या क्रमाने तपासा. आणि प्रत्येक भेटीला गार्ड सोबत न्या, कारण त्याच्यावरचे घासल्याचे ओरखडे तुम्ही रात्री काय करता ते दातांच्या आधी सांगतात.